ज्याच्या हाती चेंडू

मित्रांनो, मी एक जुना लोकरीचा चेंडू आहे. खरं म्हणजे होतो; आता माझा आकार वेगळा आहे, पण ते ओघानं येईलच. मी कोणत्या मैदानावर खेळलो, किती षटकार पाहिले, असं मात्र विचारू नका. माझं सगळं आयुष्य ऑफिसच्या बैठकांमध्ये गेलं. तुमच्या शाळेतला सर्वांत कंटाळवाणा तास आठवा आणि तो रोज सकाळी भरतो असं समजा, म्हणजे तुम्हाला माझी कल्पना येईल.

माझा जन्म एका आत्याच्या हातून झाला. तिची भाची कंप्युटरचे प्रोग्रॅम लिहायची. पोरगी हुशार, पण बैठकीत तिनं तोंड उघडायच्या आत दुसरंच कुणीतरी बोलून मोकळं व्हायचं. मग ती घरी येऊन न बोललेलं सगळं आत्याला ऐकवायची. आत्या विणता विणता ऐकून घ्यायची. एके दिवशी ती वैतागली.

"अगं बाई, हे मला सांगून काय उपयोग? तिथं सांग की!"

"तिथं बोलू कोण देतंय?"

आत्यानं उरलेल्या निळ्या-पिवळ्या लोकरीचा एक चेंडू विणला, त्याच्या पोटात जुने पायमोजे कोंबले आणि तो भाचीच्या हातात ठेवला. "हा धरून बसत जा. हा ज्याच्या हातात, त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. म्हणावं, आत्यानं सांगितलंय."

भाचीनं ते जसंच्या तसं सांगितलं. लोक हसले, पण त्यांनी ऐकलं. तिच्या तळहातांना इतका घाम सुटला होता की मी पार भिजून गेलो. ती पहिल्यांदाच सबंध दोन मिनिटं बोलली. मला स्वतःचा इतका अभिमान पुन्हा कधी वाटला नाही.

पुढं माझी कीर्ती झाली आणि तिथंच घोळ सुरू झाला. भाची अजाइल कोच झाली. अजाइल म्हणजे चपळ. मोठी कामं वर्षभर रखडवत न बसता थोडी थोडी, पटपट आणि एकमेकांशी बोलून कशी करावीत, हे ती कंपन्यांना शिकवू लागली. कंपन्या बदलल्या, शहरं बदलली, तिची पर्स आणि तिच्यातला मी मात्र कायम. चपळपणाच्या पहिल्या बैठकीला निम्मे लोक वीस मिनिटं उशिरा यायचे. बैठक लवकर संपावी म्हणून सगळ्यांनी उभं राहायचं, असा नियम होता. मग लोक पाऊण तास उभे राहायचे आणि एका पायावरचं वजन दुसऱ्या पायावर टाकायचे. भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या, त्या पंख्याच्या वाऱ्यानं उडायच्या. एकदा 'अत्यंत तातडीचं' असं लिहिलेली चिठ्ठी सफाईवाल्या मावशींनी झाडून नेली, तर महिनाभर कुणाला पत्ता नव्हता.

आणि मी? मी या हातातून त्या हातात. कुणी मला दाबलं, कुणी माझा धागा उसवला, एकानं तर मला हुंगून पाहिलं! ज्याच्या हाती ससा तो पारधी म्हणतात ना, तसं झालं. मी साहेबांच्या हातात गेलो की तिथंच मुक्काम. ते मला कुरवाळत अर्धा तास बोलायचे आणि उरलेल्या दहा जणांनी पाच मिनिटांत आटपायचं. मला तोंड असतं तर मी कडकडून चावलो असतो.

तरी हे सगळं मी पोटातल्या मोज्यांसकट सहन केलं. पण शेवटच्या कंपनीत जे झालं ते ऐका.

ती कंपनी औषधांची आठवण करून देणारा प्रोग्रॅम बनवत होती. वेळ झाली की फोनमध्ये घंटा वाजायची, गोळी घ्यायची आणि 'घेतली' असं बटण दाबायचं. प्रोग्रॅममधल्या चुका शोधणाऱ्या एक बाई होत्या. ऑफिसात त्यांना शंकाबाई म्हणत. त्यांचा पाय मोडला होता, म्हणून त्या घरून फोनवर बैठकीला हजर असायच्या. फोन टेबलावर, बाकी सगळे गोल करून उभे, आणि मी हातोहात फिरतोय.

शंकाबाईंना एक चूक सापडली. फोनची रेंज गेलेली असताना 'घेतली' दाबलं, तर रेंज आल्यावर प्रोग्रॅम ते विसरायचा आणि पुन्हा घंटा वाजवायचा. त्यांनी साहेबांना लिहून कळवलं. साहेबांनी उत्तर पाठवलं, 'लिहिण्यापेक्षा बोलणं बरं, कोचबाईंनी शिकवलंय. बैठकीत बोला.'

बैठकीत फोनमधून आवाज आला, "मला एक महत्त्वाचं सांगायचंय."

"चेंडू कुठाय तुमच्याकडे?" साहेब म्हणाले. सगळे हसले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शंकाबाई चिडल्या. "अहो, मी घरी आहे! माझ्याकडे चेंडू येणार कसा?"

पुन्हा हशा पिकला. भाचीसुद्धा हसली आणि म्हणाली, "नियम म्हणजे नियम. आपण नंतर बोलू हं." फोनपासून मी वीतभर अंतरावर होतो. घरंगळत जाईन म्हटलं, तर साहेबांची पकड घट्ट. ते 'नंतर' काही आलंच नाही. प्रोग्रॅम वेळेवर बाहेर पडला, टाळ्या झाल्या आणि भाचीनं मोठ्या कौतुकानं तो आत्याच्या फोनमध्ये घालून दिला.

आठवड्यानं आत्या अंथरुणावर होती. तिच्या कपाळाला चार टाके पडले होते. स्वयंपाकघरात रेंज येत नसे. तिथं तिनं रक्तदाबाची गोळी घेतली, बटण दाबलं. बाहेरच्या खोलीत आल्यावर घंटा पुन्हा वाजली. मघाशी घेतली की काल, असा तिचा गोंधळ झाला. भाचीच्या प्रोग्रॅमवर विश्वास ठेवून तिनं आणखी एक घेतली. मग चक्कर आली आणि टेबलाचा कोपरा लागला.

"घंटा दोनदा वाजते हे तुमच्या एवढ्या लोकांत कुणालाच कळलं नाही?" तिनं विचारलं.

"एकीला कळलं असणार."

"मग ती बोलली नाही?"

"तिच्याकडे चेंडू नव्हता," भाची म्हणाली.

"कुठला चेंडू?"

 भाचीनं पर्समधून मला काढलं आणि पांघरुणावर ठेवलं. आत्यानं मला उचलून घेतलं. "हा मी तुला बोलता यावं म्हणून केला होता गं," ती म्हणाली. ती चिडली असती तर बरं झालं असतं. शरमेनं मला पायमोज्यांच्या आत शिरावंसं वाटलं.

भाचीनं तिथूनच शंकाबाईंना फोन लावला. "चुकलं माझं. बोला, मी ऐकतेय." आणि त्या बोलल्या, दहा मिनिटं. संध्याकाळपर्यंत तो प्रोग्रॅम बंद झाला होता.

फोन चालू होता तेव्हाच आत्यानं माझा सुटलेला धागा धरला आणि मला उसवायला घेतलं. मला दुखलं नाही. पडल्या पडल्या तिनं त्याच लोकरीची फोनखाली ठेवायला एक छोटी चौकोनी बैठक विणली. तीच मी. आता रोज सकाळी टेबलाच्या मधोमध माझ्यावर शंकाबाईंचा आवाज येणारा फोन ठेवतात आणि भाची सर्वांत आधी त्यालाच विचारते, "तुमचं काय?" साहेबांना हाताला चाळा नसल्यानं चुकल्यासारखं होतं, पण त्याला माझा इलाज नाही.

मित्रांनो, जुन्या वस्तूंची निगा राखा, असं शेवटी सांगायची रीत आहे. राखा की! पण ती वस्तू कशासाठी केली होती, हेही विसरू नका. आणि खेळताना चेंडू कुणाकडे आलाच नाही, ते एकदा मान वळवून बघा. आमच्या शंकाबाई तीन दिवस सांगत होत्या.