मोज्यातले हात

आमच्या घरात धाकटीच्या हातांना जेवढा मान आहे, तेवढा घरातल्या पुरुषांनाही नाही. त्यांना त्याचं वाईटही वाटत नाही, कारण घर चालतं ते त्या हातांवर. पुढच्या खोलीत आमचं रफूचं दुकान आहे. फाटलेल्या कापडाच्याच काठातून धागे काढायचे आणि भोकावर उभे-आडवे असे विणायचे, की आपण फाटलो होतो हे कापडही विसरून जावं. हे काम माझी धाकटी जाऊ करते. मी कपडे धुते, इस्त्री करते आणि गिऱ्हाइकांशी भांडते. मी नवी नवरी असताना सासूबाईंनी माझी बोटं चाचपून निकाल दिला होता, "थोरलीचे हात भांड्यांचे. तिला रेशमाजवळ फिरकू देऊ नका." सासूबाई गेल्या, निकाल मात्र मागे राहिला.

यंदा कोरडा वारा सुटला तो थांबायचं नावच घेईना. दुपारी उन्हाचा पट्टा कापडांच्या गठ्ठ्यावर पडायचा, त्यात धूळ तरंगत राहायची आणि सगळं घर पेंगायला लागायचं. दारं वाळून कुरकुरायला लागली, आणि धाकटीचे हात फुटले. आधी पांढरे पडले, मग पेरांवर चिरा पडल्या. सुती कापडाचं काम कसंबसं व्हायचं. रेशमावरून मात्र नुसता हात फिरवला, तरी कातडीचा पापुद्रा धाग्यात अडकून बारीक चर्र वाजायचं. तेवढ्यानेही ती हात मागे घ्यायची.

नेमका तेव्हाच पोस्टमन एक रेशमी शाल घेऊन आला. एरवी हा माणूस पत्र कमी आणि गप्पा जास्त वाटतो. त्या दिवशी आल्या आल्या त्याने शाल पुढे केली.

"आईची आहे," तो म्हणाला. "दाराच्या कडीत अडकून काठाशीच फाटली. तिला आता दिसत नाही, तुम्हाला ठाऊक आहे. काठावरून बोटं फिरवता फिरवता झोप लागते तिला. आता बोटं भोकापाशी येतात नि थांबतात. मग रात्रभर एकच, कुणी फाडली, कुणी फाडली. डोळ्याला डोळा नाही हो तिच्या."

"नवी आणायची," मी म्हणाले.

"आणली होती. भिरकावून दिली."

धाकटीने शाल घडीवरूनच पाहिली, हात लावला नाही. "होईल," म्हणाली. तो गेल्यावर मात्र खाली बसली. "ताई, डोळ्याला फसवता येतं. बोटाला कसं फसवायचं? आणि तेही असले हात घेऊन?"

तिचा असा आवाज मला ऐकवत नाही. आणि ऐकवलं नाही की मी कामाला लागते.

फुकटचा सल्ला द्यायला सगळं जग बसलेलंच असतं. दुधवाला म्हणाला साय लावा. समोरची शिक्षिका म्हणाली लिंबू चोळा. चिरांवर लिंबू! मी तिला म्हटलं, "आधी तुमच्या ओठांवर चोळून दाखवा." दिराने वासाचं क्रीम आणलं, त्याने तर धाकटीचे हात आणखीच चुरचुरले. ते त्याच्याच टाचांना गेलं. दिवसा तेल लावायची सोय नाही, कारण कापडाला तेलाचा डाग पडण्यापेक्षा भोक परवडलं. म्हणून मी सरळ दाराला कडी लावली आणि चार दिवस दुकान बंद अशी पाटी टांगली.

ओट्सचं पीठ फडक्यात बांधून मी कोमट पाण्यात पिळायची. कढत पाण्याला मनाई, कारण त्याने होतं नव्हतं तेवढं तेलही धुऊन जातं. पाणी दुधासारखं झालं की ती त्यात हात सोडून बसायची. मग हात पुसायचे नाहीत, नुसते टिपायचे, आणि ओल असतानाच तिळाचं तेल जिरवायचं. चिरांवर मेण वितळवून केलेलं मलम. आणि वरून दिराचे जुने सुती मोजे, स्वच्छ धुतलेले. मी दोनदा धुतले, कारण दीर माझ्या ओळखीचा आहे.

मोजे घातलेली बाई काहीच करू शकत नाही. धाकटीला आयुष्यात पहिल्यांदा काही करायचं नव्हतं. ती खिडकीत बसायची, दोन्ही पंजे मांडीत ठेवून. मी तिला भरवायची, तिचे केस विंचरायची. वारा बाहेर फिरत राहायचा. खोलीत तिळाचा उबदार वास भरलेला असायचा. ती अर्धवट झोपेत बोलायची.

"ताई, स्वप्नात मी पाण्याला रफू करत होते. टाका घातला की पाणी मिटायचं."

"मग पैसे कुणी दिले?" मी विचारायची. ती डोळे न उघडता हसायची. इतकी वर्षं एका घरात राहून आम्ही एवढं कधी बोललो नव्हतो. ते दिवस संपूच नयेत असं मला वाटत होतं, खरं सांगते.

हात मऊ झाले. चिरा मिटल्या. आणि मधल्या बोटाच्या टोकाला सुईची मागची बाजू रेटून रेटून घट्ट झालेला जो घट्टा होता, तो कडेने सुटायला लागला. उन्हात बसल्या बसल्या धाकटी तो सोलत राहिली. मी बघत होते. मीही म्हटलं, "काढून टाक, घाण दिसतंय." दोघीही गुंगीत होतो. खाली गुलाबी कातडी निघाली, बाळाच्या बोटासारखी.

शाल लाकडी चौकटीत ताणून बसवली. धाकटीने तिच्यावरून हात फिरवला. चर्र नाही, काही नाही. तिचा चेहरा उजळला. तिने सुई घेतली, रेटली आणि किंचाळली. सुईचं मागचं टोक थेट बोटात घुसलं होतं.

आमच्या घरात अंगुस्ताना कुणी घालत नाही. सासूबाई म्हणायच्या, बोटात पितळी टोपी घालून रफू करणं म्हणजे हातमोजे घालून नाडी बघणं. तो घट्टा हाच आमचा अंगुस्ताना, आणि तो आम्ही दोघींनी मिळून लाडाने सोलून काढला होता! शेजारून टोपी मागून आणली. ती घालून धाकटीला सुईचा अंदाजच येईना, धागा तटकन तुटला. काठातून आणखी किती धागे काढणार? ती रडायला लागली. "उद्या शाल पोचती करायचीय त्याच्याकडे. काय सांगू त्याला, हात मऊ झालेत म्हणून?"

मी तिच्या समोर जाऊन बसले, गुडघ्याला गुडघा लावून. मधे चौकट.

"तू टोक धर, कुठे जायचं ते तू ठरव. मागून मी रेटते. कापडाला हात लावत नाही, शप्पथ."

तिने माझ्याकडे पाहिलं. सासूबाईंचा निकाल तिलाही पाठ होता. मग तिने सुईचं टोक जागेवर नेलं आणि म्हणाली, "हं."

इस्त्रीने आणि पाण्याने खरखरीत झालेल्या माझ्या बोटाला सुई जाणवलीसुद्धा नाही. "हं," ती म्हणायची, मी रेटायची. खाली तिची मऊ बोटं धागा बसवून घ्यायची. आधी आम्ही अडखळलो, मग ताल लागला. ऊन शालीवरून सरकत जमिनीवर गेलं. कधीतरी तिने "हं" म्हणणं सोडून दिलं, तरी मला कळत होतं.

शाल द्यायला आम्ही दोघीही गेलो. एकट्या धाकटीला धीर होईना, आणि मला तर घरी थांबवेना.

म्हातारी खाटेवर उशीला टेकून बसली होती. मुलाने शाल हातात दिली. बोटं काठाला लागली आणि चालू लागली, सावकाश. भोकाच्या जागेजवळ आली तसा पोस्टमन पुढे झुकला. बोटं तिथून पुढे गेली. तशीच शेवटपर्यंत गेली, पुन्हा मागे आली, कुठेही थांबली नाहीत.

"कुणी केलं?" तिने विचारलं.

"ह्या दोघींनी, आई."

तिने हात पुढे केला. धाकटीचा हात चाचपला. "लोणी आहे गं हे." मग माझा शोधला. मी मागे घेत होते. "माझा नको आजी, भांड्यांचा आहे."

"इकडे आण." तिने माझा पंजा दोन्ही हातांत धरला आणि तळव्यावरून अंगठा फिरवला. मी निकालाची वाट बघत उभी. "हा कामाचा आहे," म्हातारी म्हणाली. "माझी पाठ चोळ. कातडी नुसती सुकून गेलीय, कधीची खाज सुटलीय. हा पोरगा चोळतो म्हणजे गुदगुल्या करतो."

पोस्टमन लाजला. धाकटीने पिशवीतून मलमाची डबी काढली. मी म्हातारीच्या वाळक्या पाठीवर कोमट पाण्याचं फडकं टिपलं, आणि माझ्या त्याच खरखरीत हाताने मलम चोळत राहिले. ती "हं, हं" करत होती, अगदी धाकटीसारखी. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत, कारण हात तेलकट होते.

माझा हात पुन्हा हातात घेऊन तिला झोप लागली. शाल मांडीवर होती. पण बोटं शालीवर नव्हती. माझ्या तळव्याच्या कडेवरून ती सावकाश फिरत होती, काठावरून फिरावीत तशी.

"ताई," धाकटी कुजबुजली, "चला. घरी भांडी पडलीत."

"पडू देत," मी म्हणाले.