कारण अपुरे

दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी ताईंचा अर्ज दुसऱ्यांदा परत आला.

पहिल्यांदा तो पिनकोडमधल्या एका आकड्यासाठी आला होता. या वेळी शेऱ्याच्या चौकटीत दोनच शब्द होते : ‘कारण अपुरे.’ ताईंनी मान वळवली. परत पाठवणारे मास्तर शेजारच्याच टेबलाशी चष्मा पुसत बसले होते.

“मास्तर, हा ग्राहकाचा अर्ज नाही. माझा आहे.”

“माहीत आहे.”

“‘घरगुती’ असं लिहिलंय. आणखी काय लिहायचं असतं?”

“ग्राहकानं लिहिलं असतं, तर तुम्ही चालवून घेतलं असतंत?”

पलीकडच्या रांगेतून कोणीतरी म्हणालं, “ताई, पेपर मास्तरांकडे गेला म्हणजे तांबडी शाई आलीच.”

बँकेचा हा विभाग महिनाअखेरीस बंद होणार होता. शाखांमधून आलेले ग्राहकांच्या नावा-पत्त्यांचे बदल इथे नोंदले जात. ते काम आता सहाशे किलोमीटरवरच्या नव्या केंद्रात जाणार होतं. त्रेचाळीस जणांपुढे दोनच पर्याय होते : तिकडे जा, नाहीतर नोकरी सोडा. अर्ज संगणकावर भरायचा होता आणि मुदत आज पाचची होती. अर्जाचा साचा बँकेच्या नेहमीच्या नोंदीचाच होता, म्हणजे एकानं भरायचा आणि दुसऱ्यानं तपासून मंजूर करायचा. आपली नोंद आपणच मंजूर करायची नाही. सोळा वर्षं ताई नोंदी करत आणि मास्तर तपासत. त्यामुळे ताईंनी तपासणारे म्हणून मास्तरांचं नाव टाकलं आणि मास्तरांनी ताईंचं. दुसऱ्या कोणाचं टाकावं, हे दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

तपासणाऱ्यानं फक्त नाव, क्रमांक, पत्ता बघायचा होता. ताईंनी ‘नोकरी सोडणे’ या ओळीवर खूण केली होती. ती बरोबर की चूक, हे मास्तरांना कोणी विचारलं नव्हतं.

ताई उठून त्यांच्या टेबलाशी गेल्या.

“मंजूर करून टाका ना. तासाभरात यादी बंद होईल.”

“गेल्या आठवड्यात तुम्ही मला तीनदा विचारलंत, तिकडून रात्रीच्या गाडीनं यायला किती तास लागतात.”

“सहज विचारलं.”

“दोनदा सहज. तिसऱ्यांदा लिहून घेतलंत.”

ताईंनी टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि सरळ करून ठेवला.

“घरी ठरलंय, मास्तर. परवा जेवताना. हे, सासूबाई, लेक, सगळ्यांनी मिळून. आता दगदग पुरे, घरी बस, म्हणाले. प्रेमानंच म्हणाले.”

“आणि तुम्ही?”

“मी वाढत होते.”

मास्तरांनी चष्मा चढवला.

“मग ही नोंद त्यांची आहे. दुसऱ्याच्या पासवर्डनं केलेली नोंद मी आजवर मंजूर केलेली नाही.”

ताईंची खुर्ची नेहमीपेक्षा मोठ्यानं सरकली. दहा मिनिटं त्यांनी एकही कळ दाबली नाही. मग फोन उचलून त्या जिन्याकडे गेल्या.

“अहो, मी जायचं म्हटलं तर?”

पलीकडे टीव्हीचा आवाज कमी झाला. “कुठं?”

“नव्या केंद्रात.”

“अगं, पण परवा तर तू काहीच बोलली नाहीस.”

“कोणी विचारलं नाही.”

टीव्ही बंद झाला. मग नवरा म्हणाला, “आईच्या गोळ्यांच्या वेळा मला लिहून द्याव्या लागतील.”

“म्हणजे हो म्हणताय की नाही?”

“कुठली गोळी कधी, ते विचारतोय.”

चार पंचवीसला ताई जागेवर आल्या. मास्तरांचा अर्ज सकाळपासून त्यांच्याकडे तपासणीला पडून होता. इतका वेळ त्यांनी तो उघडला नव्हता. आता उघडला. पर्याय : नोकरी सोडणे. कारण : गुडघे.

त्यांनी ते दोनदा वाचलं. मग शेऱ्यात लिहिलं, ‘कारण वस्तुस्थितीशी जुळत नाही. अर्जदार लिफ्टवर विश्वास नसल्यामुळे रोज तीन मजले जिन्याने चढतात व सर्वांआधी पोहोचतात.’ अर्ज परत गेला.

“ताई, हे काय?”

“तपासणी.”

मास्तरांनी पलीकडच्या रांगेकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. “तिकडे तपासायला माणूस लागत नाही म्हणे. सगळं मशीनच करतं. मी जाऊन काय, त्याच्यासमोर बसू?”

“कोण म्हणे?”

“ऐकलंय.”

“ऐकीव माहितीवर तुम्ही कधी नोंद मंजूर केलीत?”

मास्तरांनी परत आलेला अर्ज पुन्हा उघडला.

चार पन्नासला ताईंनी आपल्या अर्जातली खूण पुसली आणि वरच्या, ‘नव्या केंद्रात जाणे’ या ओळीवर केली. कारणाच्या चौकटीत एक लांब वाक्य लिहिलं, पुसलं, आणि लिहिलं : ‘मला जायचे आहे.’ मास्तरांनी अर्ज उघडला. नावापासून पिनकोडपर्यंत, एकेका अक्षरावर बोट ठेवून, तो नेहमीच्याच वेगानं वाचला. घड्याळाकडे बघत ताईंनी दोनदा घसा साफ केला. चार अठ्ठावन्नला तो मंजूर झाला.

पाच वाजता यादी बंद झाली. लगेच मुख्य कार्यालयातून विभागप्रमुखांना फोन आला : बेचाळीस अर्ज पोचले, एक अडकलाय, तुमच्याकडचा संगणक बंद पडलाय का?

विभागप्रमुखांनी मान उंचावून पाहिलं. मास्तर कीबोर्डवर दोन्ही हात ठेवून बसले होते. ताई हाताची घडी घालून शेजारी उभ्या होत्या आणि त्यांना काहीही सुचवत नव्हत्या.

“संगणक चालू आहे,” विभागप्रमुख म्हणाले. “माणूस विचार करतोय.”

मुदत वाढवून द्यायची की नाही, ते वरिष्ठांना विचारून कळवू, असं पलीकडून उत्तर आलं. पाच वाजून वीस मिनिटांपर्यंत त्यांनी काही कळवलं नव्हतं. मास्तरांनी कारणाच्या चौकटीतले ‘गुडघे’ तेवढे खोडले होते.