पहिल्या पन्नासात

अंतरा गुप्ते लॉ कॉलेजात पुरावा कायदा शिकवायची. तिच्या सकाळच्या वर्गात सगळ्यात जास्त प्रश्न विचारायची ती मंजुळा पाटील.

कॉलेज ठाण्यात, चेंदणीच्या बाजूला. इमारत जुनी, लिफ्ट नाही, आणि नाव म्हणाल तर ‘नोकरीवाल्यांचं कॉलेज’. सकाळी साडेसातला वर्ग भरायचे, अकराला सुटायचे. समोर बसलेले अर्धे लोक वागळे इस्टेटमधून नाहीतर महापालिकेतून आलेले असायचे. कुणाच्या डब्याची पिशवी बाकाखाली, कुणाच्या शर्टाच्या खिशाला कंपनीचं ओळखपत्र. या कॉलेजची जाहिरात कधी कुठे आली नव्हती, पण ठाण्याच्या कोर्टात काळ्या कोटातल्या कुणालाही कुठे शिकलात असं विचारलं तर त्याने इथलंच नाव सांगितलं असतं. अंतरा स्वतःही इथेच शिकलेली.

मंजुळा कळव्याची. सासरचं घर आगरी, सासरे भिवा पाटील तरुणपणी मिठागरात राबलेले. पुढे जमिनीवर इमारती झाल्या, घर तीनमजली झालं, तरी मंजुळाने औषधाच्या कंपनीतली पॅकिंगची नोकरी सोडली नव्हती. त्या कंपनीने एकदा एकाच दिवशी बऱ्याच बायकांना कामावरून काढलं होतं. प्रकरण कामगार न्यायालयात गेलं आणि साक्षीला मंजुळा उभी राहिली. कंपनीच्या वकिलाने तिला उलटसुलट विचारून बघितलं, ती जागची हलली नाही. ती खाली उतरताना न्यायाधीशांनी शिक्षण विचारलं. बी. कॉम., बाहेरून, असं ती म्हणाली. ते हसून म्हणाले, वकील व्हायला हवं होतं तुम्ही. कोर्टातले लोक हसले आणि विसरले. मंजुळा विसरली नाही. बायका कामावर परत आल्या, आणि पुढच्या जूनमध्ये तिने तीन वर्षांच्या कोर्सला प्रवेश घेतला. दुपारी तीनची पाळी असायची, त्यामुळे सकाळ मोकळी. मुलगी जागृती शाळेत, घरात सासूबाई कमळाबाई. नवऱ्याचा, महेंद्रचा, विरोध नव्हता. फक्त या वयात कशाला, एवढंच तो अधूनमधून म्हणायचा.

मंजुळा दुसऱ्या वर्षाला असताना कॉलेजात नवे प्राचार्य आले, सलिल प्रधान. अंतराच्याच बॅचचा. पुण्यात, बंगळुरात शिकवून आलेला, कामाला वाघ. तो वाईट माणूस नव्हता. कॉलेजचे प्रवेश दरवर्षी घटत होते. कल्याणच्या पुढे एका नव्या विद्यापीठाने काचेची इमारत बांधली होती, आणि फॉर्म न्यायला येणारे आईबाप आता पहिला प्रश्न रँकिंगचा करत होते. कोर्टातल्या वकिलांची नावं सांगितली तरी ते मोबाइलवर यादीच बघत बसायचे. एका साप्ताहिकाची ती यादी, देशातल्या लॉ कॉलेजांची. हे कॉलेज तिच्यात कधीच नव्हतं.

सलिलने सगळ्या प्राध्यापकांना बोलावलं आणि पडद्यावर आकडे दाखवले. यादीवाले काय मोजतात, तर पूर्णवेळ विद्यार्थी, त्यांचं सरासरी वय, मोठ्या लॉ फर्ममधल्या नोकऱ्या, प्राध्यापकांची नावं. सकाळची बॅच या प्रत्येक आकड्याला खाली ओढत होती. पस्तिशीचा क्लार्क वकील झाला तरी ती ‘प्लेसमेंट’ धरली जात नव्हती, कारण त्याला नोकरी आधीपासून होतीच.

अंतरा म्हणाली, हे लोक गेले तर कॉलेज कुणाचं राहील?

“अंतरा, यादीत नसलेलं कॉलेज चार-पाच वर्षांत बंद पडतं,” सलिल म्हणाला. “मग या लोकांनाही नसेल आणि कुणालाच नसेल. तुला दुसरं काही सुचत असेल तर सांग, मी खरंच ऐकतो.”

तिला दुसरं काही सुचलं नाही. नवीन प्रवेश फक्त बारावीनंतरच्या पाच वर्षांच्या कोर्सला द्यायचे आणि सगळ्या वर्गांची वेळ दहा ते चार करायची, असं ठरलं. आधीच आत असलेल्यांनी त्याच वेळेत आपापलं वर्ष पूर्ण करायचं. यादीची माहिती गोळा करायचं काम सलिलने विश्वासाने अंतराकडेच दिलं. तिने ते घेतलं. काही निवृत्त न्यायाधीश वर्षातून एकदा येऊन हार-नारळ घेऊन जायचे. त्यांची नावं पूर्णवेळ प्राध्यापकांत घालायला सलिलने सांगितलं, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं. सगळेच घालतात, तो म्हणाला. तिने घातली.

सकाळच्या बॅचमधले बरेचजण त्या वर्षी गळले. मंजुळा गळली नाही. तिने कंपनीत पहिली पाळी मागितली, मिळाली नाही. रात्रपाळीला बायका घेत नव्हते. मग ती दहाला कॉलेजला यायची, दोनपर्यंत बसायची आणि तिथून थेट रिक्षाने वागळे इस्टेट गाठायची. शेवटचे दोन तास बुडायचे. ते बुडाले तरी हजेरी कशीबशी भरली असती. पण सलिलने अंगठ्याचं मशीन बसवलं होतं. अंगठा येतानाही लावायचा आणि चारनंतर जातानाही. जाताना लावला नाही तर आख्खा दिवस गैरहजर. मंजुळा चार-चार तास वर्गात बसायची, प्रश्न विचारायची, वहीत लिहून घ्यायची, आणि मशीनच्या हिशेबात ती कॉलेजला आलेलीच नसायची.

शेवटच्या वर्षाच्या परीक्षेआधी ज्यांना बसू द्यायचं नाही त्यांची नावं निघाली. त्यात तिचं होतं. अंतरा सलिलच्या खोलीत गेली. माझ्या तासाला ती रोज समोर बसलेली असते, म्हणाली, मी लिहून देते. सलिलने तिला बसवलं, पाणी दिलं. एकीला सूट दिली तर बाकीचे रांगेत उभे राहतील, यंदाच आपण पहिल्यांदा यादीसाठी जातोय, तपासणीला कुणी आलं तर मी काय दाखवू, असं तो शांतपणे बोलत राहिला. शेवटी त्याने कागद पुढे केला. वर्गशिक्षक म्हणून तिची सही लागत होती.

दुसऱ्या दिवशी मंजुळा स्टाफरूमच्या दारात आली. कंपनीचा निळा कोट अंगावरच होता.

“मॅडम, तुमच्या तासाला मी किती वेळा नव्हते?”

“तुम्ही रोज होतात.”

“मग सही कशाची केलीत?”

अंतराने नियम सांगितला. पुढच्या वर्षी पुन्हा बसता येईल, म्हणाली. मंजुळाने विचारलं, पुढच्या वर्षी वेळ बदलणार आहे का. नाही, असं अंतराला म्हणावं लागलं. मंजुळाने घड्याळाकडे बघितलं. मग पाळीची वेळ झाली म्हणून निघून गेली, आणि पुन्हा कॉलेजात आली नाही.

त्या वर्षी कॉलेज यादीत आलं, थेट पहिल्या पन्नासात. टेंभी नाक्यावर सलिलच्या फोटोचा मोठा बॅनर लागला, कॉलेजात पेढे वाटले गेले. अंतराला संस्थेने शाल दिली. माहितीचं काम तिनेच केलं होतं. घरी येऊन तिने ती कपाटात वरच्या खणात टाकली आणि आईला सांगितलंसुद्धा नाही.

नंतरची वर्षं कॉलेजच्या भरभराटीची होती, निदान बाहेरून तरी. प्रवेशाला रांगा लागल्या. लिफ्ट आली, विद्यार्थ्यांच्या लुटुपुटूच्या खटल्यांच्या स्पर्धेसाठी लाकडी कोर्टरूम आली. आत मात्र एकेक माणूस कमी होत होता. कराराचा कायदा शिकवणारे तानाजी शेलार सर निवृत्त झाले, त्यांच्या जागी तासाच्या हिशेबाने पैसे घेऊन शिकवणारी तरुण पोरं आली. ती वर्षभर टिकायची आणि निघून जायची. ठाणे कोर्टातले जुने वकील पूर्वी सकाळी येऊन फुकट शिकवायचे. दहा ते चार त्यांना जमेना, तेही सुटले. शिकायला येणारी मुलं हुशार होती, इंग्रजी फाडफाड बोलायची, पण वकालतनामा कसा भरतात ते अंतिम वर्षालाही अनेकांना माहीत नसायचं. अंतराला हे रोज दिसत होतं. गावात दिसायला अजून वेळ होता. पूर्वी चांगलं शिकवलं जायचं तेव्हा नाव नव्हतं, आणि आता नाव होतं.

एका मे महिन्यात मंजुळा आली. केस पिकलेले, कोट तोच नसला तरी तसाच निळा. बरोबर जागृती. मुलगी बारावी झाली होती, प्रवेश परीक्षेत चांगले गुण होते, आणि पहिल्याच फेरीत तिला हेच कॉलेज मिळालं होतं. अंतराला वाटलं, ही भांडायला आली असेल. मंजुळा मुलीला म्हणाली, मॅडमच्या पाया पड.

अंतराने जागृतीला इमारत बघून यायला पाठवलं आणि दार लोटून घेतलं.

“मंजुळाताई, हिला इथे घालू नका.”

मग अंतराने सगळं सांगितलं. कोण कोण सोडून गेलं, तास कसे रिकामे जातात, यादीत जी नावं आहेत ती माणसं इथे येतच नाहीत. मुंबईचं सरकारी कॉलेज दुसऱ्या फेरीत मिळेल, तिथे अजून शिकवतात, तिकडे घाला.

मंजुळाने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “मला काढलंत तेव्हा हे कॉलेज मोठं करायचं होतं. आता मोठं झालं, तर माझ्या पोरीला नको म्हणता.”

“तसं नाही हो. मी तिच्या भल्याचं सांगतेय.”

“कळव्यात सगळ्यांना सांगून झालंय मॅडम. हिच्या आजोबांनी मिठागरात माती तुडवली. आज प्रवेश मिळालेल्यांत त्यांच्या नातीचं नाव तुमच्या भिंतीवर लागलंय, ते बघायला ते राहिले नाहीत. आणि मी घरी जाऊन काय सांगू, कॉलेज आतून पोकळ आहे? कोण विश्वास ठेवेल? तुम्ही लिहून द्याल?”

अंतरा लिहून देणार नव्हती. तिची अजून नोकरीची काही वर्षं उरली होती, आणि मंजुळाला ते ठाऊक होतं. मंजुळाने पदर सावरला, पेढ्यांचा पुडा टेबलावर ठेवला आणि मुलीला शोधायला गेली.

जागृतीने मन लावून अभ्यास केला. आईसारखी प्रश्न विचारायची नाही. लिहून घ्यायची आणि गप्प बसायची. अंतरा तिला कॉलेज सुटल्यावर थांबवून घेऊन शिकवायची. कधी कधी कोर्टात घेऊन जायची, मागच्या बाकावर बसवून उलटतपासणी ऐकवायची. जागृती दुसऱ्या वर्षाला असताना साप्ताहिकाने आपली पद्धत बदलली. कॉलेजांनी दिलेली माहिती पडताळून बघायला माणसं पाठवली गेली. निवृत्त न्यायाधीशांपैकी एकांना फोन गेला, आणि या कॉलेजात मी शिकवतो हे मला आजच कळतंय, असं त्यांनी सांगितलं. त्या वर्षी यादीत कॉलेजचं नाव खाली गेलं नाही, ते काढूनच टाकलं, आणि का काढलं तेही छापलं. वर्तमानपत्रांनी ते उचललं. ज्या फर्म मुलांना उन्हाळ्यात कामाला घ्यायच्या त्यांनी फोन उचलणं बंद केलं. जागृतीला एका फर्मने आधी बोलावलं होतं. ती गेली तेव्हा तिथल्या बाईने तिचा कागद बघितला, कॉलेजचं नाव वाचून शेजारच्या माणसाकडे हसून पाहिलं, आणि नंतर कळवू म्हणाली.

सलिलने महिन्याभरात राजीनामा दिला. संस्थेने चौकशी नेमली; अंतरानेही जे केलं होतं ते सगळं सांगितलं, स्वतःच्या सहीसकट. तिला ताकीद मिळाली, बाकीची कामं काढून घेतली आणि शिकवणं तेवढं राहिलं.

त्यानंतर जागृती वर्गात दिसेना. फोन लागेना, तेव्हा अंतरा कळव्याला त्यांच्या घरी गेली. मंजुळा पाळीला गेली होती. कमळाबाईंनी दार उघडलं, हात धरून आत नेलं, सोफ्यावर बसवलं. जागृती आतून आली. तिने सहज सांगून टाकलं की ती कॉलेज सोडतेय. कल्याणच्या पुढच्या त्या विद्यापीठात तिचा प्रवेश झालाय.

“पण मध्येच घेत नाहीत ना दुसऱ्या कॉलेजात?”

“नाही. पहिल्यापासून करायचं. पुन्हा फर्स्ट इयर.” तिने खांदे उडवले. “मम्मीच म्हणाली. यंदा ते तिसाच्या आत आलंय, मॅडम. सलिल सर पण तिकडेच डीन म्हणून गेलेत.”

अंतराने विचारलं, तिथे कोण शिकवतं याची चौकशी केलीस का. जागृती म्हणाली, वेबसाइटवर सगळी नावं आहेत, मोठी मोठी आहेत. दोन वर्षं वाया जातील, अंतरा म्हणाली. जागृतीने मान खाली घातली. 

“ही दोन वर्षं मी कुठे दाखवू, मॅडम? त्या बाई माझ्याकडे बघून हसल्या. मला कायदा येतो की नाही हे त्यांनी विचारलंच नाही.”

 अंतराने जागृतीला पुरावा कायद्याची वही जपून ठेवायला सांगितलं, काही अडलं तर घरी ये म्हणाली. जागृती हो म्हणाली आणि आत गेली.

कमळाबाई चहा घेऊन आल्या. त्यांनी आतून सगळं ऐकलं होतं, पण अर्थ लागला नसावा. त्या जमिनीवर बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून अंतराकडे बघत राहिल्या.

“बाय, ता नवा कॉलेज तरी चांगला हाय ना?”

अंतराने कप उचलला. चहा कडक गरम होता, ओठ भाजले.

“लोक चांगलं म्हणतात, आजी,” ती म्हणाली.

म्हातारीने समाधानाने मान हलवली आणि बिस्किटांची बशी तिच्यासमोर सरकवली.