कुंडीला लावलेले वळण

पंपांच्या कारखान्यात आराखडे काढण्यात नोकरीची सारी वर्षे घालवलेल्या बाईंना ऑर्किड मंडळात सगळे ‘फूटपट्टी’ म्हणत, आणि बाईंना ते नाव मनापासून आवडे. स्वतः संकर करून, काचेच्या बाटलीतल्या इवल्या रोपापासून वाढवलेले त्यांचे ऑर्किड यंदा प्रथमच प्रदर्शनात जाणार होते. मंडळाच्या नियमाने, परीक्षकांनी मानांकन दिले, तरच अशा झाडाला नाव ठेवता येई; तोवर ते बिननावाचेच. यंदा त्याचे बारसे करायचेच, असे बाईंनी मनाशी पक्के केले होते.

दांड्यावरच्या खालच्या दोन कळ्या उमलल्या, तेव्हा मात्र बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. एक फूल खिडकीकडे पाहत होते, दुसरे भिंतीकडे. कळ्या धरल्यावर कुंडी हलवायची नाही, हा या छंदातला पहिला धडा. उजेड एकाच बाजूने आला, की सगळी फुले एका दिशेला तोंड करतात.

“दादा, कुंडीला हात लावलास?”

थोरल्या बंधूंनी वर्तमानपत्र खाली केले. ते निवृत्त शाळामास्तर. “रोज थोडी फिरवतो. एकाच अंगाने ऊन लागलं तर वाकडं वाढेल ना झाड. जन्मभर पोरांना वळण लावलं, तुझ्या कुंडीला नको?”

“लागलं वळण. एकाचं फळ्याकडे तोंड, दुसऱ्याची फळ्याकडे पाठ.”

दादांनी जवळ येऊन पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. “दोऱ्याने ओढून बांधू या. कुणाला कळतंय?”

“मला कळेल.”

“मग पुढच्या वर्षी ने.”

“तोवर तू सगळ्या बागेला शिस्त लावशील.”

बाई झाडासमोर खुर्ची घेऊन बसल्या. वरच्या कळ्या अजून घट्ट मिटलेल्या होत्या; त्यांचे देठ वळू शकत होते. त्यांनी कुंडीच्या काठावर पांढऱ्या रंगाची रेघ ओढली, समोर खिडकीच्या कट्ट्यावर दुसरी ओढली आणि दोन्ही रेघा जुळवल्या. मग सुरीचे पाते आचेवर धरून निर्जंतुक केले आणि उमललेली दोन्ही फुले कापली.

“अगं, चांगली होती की!”

“चांगलीच होती. पण एकमेकांशी बोलत नव्हती.”

त्या दिवसापासून दादा खिडकीपाशी जाताना हात पाठीमागे बांधूनच जात.

प्रदर्शनात उरलेली फुले कवायतीला उभी राहावीत तशी एका ओळीत समोर पाहत होती. परीक्षक भिंग घेऊन वाकले. “खालची दोन गळली का?”

“कापली. कुंडी फिरली होती, तोंडं दोन दिशांना झाली.”

“सांगितलं नसतंत, तर गळली असंच धरलं असतं.”

“म्हणूनच सांगितलं.”

परीक्षकांची कुजबुज बराच वेळ चालली. फुलांच्या संख्येचे गुण गेले. रंग, आकार आणि मांडणी यांनी झाड तगवले. मिळाले ते सर्वांत खालच्या श्रेणीचे मानांकन. पण ते मानांकनच होते.

“नाव काय ठेवायचं?” परीक्षकांनी विचारले.

“वळण.”

“माझी चेष्टा करतेस?” मागून दादा पुटपुटले.

“करते. पण नाव चांगलं आहे.”

घरी आल्यावर बाईंनी कुंडी कट्ट्यावर ठेवली. दादा हात पाठीमागे बांधून, एक डोळा मिटून दोन्ही रेघांकडे पाहत राहिले.

“किंचित डावीकडे,” ते म्हणाले. “हं. आता हलवू नकोस.”