संघमित्राची पुस्तके आणि मी

मित्रांनो, परळच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला तो कॅरम मीच. वय झाले आहे माझे. एका कोपऱ्याची जाळी फाटली आहे. पण अंगावर चिमूटभर पावडर टाकून बघा, स्ट्रायकर अजून पाण्यावरून जावा तसा जातो.

माझा जन्म खोताच्या वाडीत झाला. तिथे विल्फ्रेड नावाचे सुतार होते. वाडीतल्या लाकडी घरांचे जिने, खिडक्या, कठडे दुरुस्त करणे हा त्यांचा धंदा. मन लागले तर ते व्हरांड्यात बसून कॅरम बनवत. माझी चौकट त्यांनी शिसवाची केली. घासून घासून हात दुखले की ते माझ्या अंगावर गाल टेकवत आणि एक डोळा मिटून उजेडाकडे बघत. कुठे उंचवटा राहिला असेल तर तो त्यांना असा सापडायचा.

मला विकत घेतले अप्पांनी. ते महापालिकेच्या पाणी खात्यात होते आणि विल्फ्रेडशी त्यांची जुनी ओळख होती. त्यांचा मुलगा जगदीश तेव्हा शाळेत होता आणि चाळीत क्रिकेट खेळून शेजाऱ्यांच्या काचा फोडत होता. कंडक्टरने मला बसमध्ये घेतले नाही. मग अप्पांनी मला डोक्यावर घेतले आणि गिरगावातून परळपर्यंत चालत आणले. इतक्या मानाने घरात आलेला दुसरा कुणी मला माहीत नाही.

जगदीशच्या बोटांत काय होते कोण जाणे. मोठी माणसे रागाने स्ट्रायकर मारायची, तो नुसता सोडायचा. चौदा एप्रिलला चाळीत स्पर्धा असायच्या, त्यात तो जिंकू लागला. मग वॉर्डात जिंकला, मग जिल्ह्यात. विल्फ्रेडचा मुलगा व्हिन्सेंट त्याचा जोडीदार झाला. दर शनिवारी तो गिरगावातून यायचा आणि दोघे माझ्यावर वाकून बसायचे. बारावीनंतर एका विमा कंपनीने जगदीशला खेळाडू म्हणून कारकुनाची नोकरी दिली. पदवी त्याला कुणी विचारलीच नाही. आणि पुढे इतक्या वर्षांत त्याची खुर्चीही कुणी बदलली नाही. पण त्याचे त्याला फारसे वाटत नसावे. संध्याकाळी घरी आला की तो राजा होता, आणि मी त्याचे राज्य.

आमच्या खोलीला एकच खिडकी. तिच्याजवळ मी. जगदीशचे लग्न झाले, संघमित्रा आली, तिचे कपाट आले, तिच्या माहेरची पेटी आली. सगळे भिंतीकडेला गेले. मला कुणी हलवले नाही.

संघमित्रा परळच्याच एका मोठ्या रुग्णालयाच्या लॅबमध्ये तंत्रज्ञ होती. बारावीनंतर डिप्लोमा करून ती लागली होती. दिवसभर रक्त घ्यायचे, काचेवर पसरायचे, सूक्ष्मदर्शकात बघायचे. एके दिवशी ती घरी आली तेव्हा जगदीश माझ्यावर पावडर टाकत होता.

"नम्रता इन्चार्ज झाली," ती म्हणाली.

"कोण, ती नवीन पोरगी?"

"आता नवीन नाही. मीच शिकवलं तिला. कामाला चांगली आहे." ती पाय धुवायला मोरीत गेली आणि तिथूनच म्हणाली, "तिच्याकडे पदवी आहे, माझ्याकडे नाही. पेढा पहिला मलाच दिला तिने. घशाखाली उतरेना रे."

मत्सराचा वास मला तेव्हा पहिल्यांदा आला, मित्रांनो. पुढे तो माझ्याच अंगाला लागणार होता.

त्यानंतर संघमित्रा पदवीचा विचार करू लागली. या वयात, नोकरी सांभाळून काय शिकायचे? कुणी सांगितले घरबसल्या कॉमर्स कर, वर्षातून एकदा परीक्षा. कुणी म्हणाले रुग्णालयाचे व्यवस्थापन शिक, ते हल्ली मोबाइलवरही शिकवतात. तिसरी वाट अवघड होती. शीवच्या एका कॉलेजात तिच्याच कामातली बीएस्सी होती. रोज सकाळी वर्ग, प्रात्यक्षिके, तीन वर्षे.

"कॉमर्स कर," जगदीश म्हणाला. "पदवी ती पदवी. आत काय आहे ते कोण उघडून बघतंय? उगाच धावपळ करून आजारी पडशील."

बोलणे काळजीचे होते. पण मी त्याची बोटे लहानपणापासून ओळखतो. मनात एक आणि तोंडात एक असले की त्याचा स्ट्रायकर किंचित डावीकडे जातो. तेव्हा गेला. बायको आपल्यापुढे जाईल, ही भीती त्याला आतून कुरतडत होती. मला तर कॉमर्स फारच आवडले. वर्षातून एकदा परीक्षा म्हणजे बाकी वर्षभर खिडकी माझी.

शनिवारी व्हिन्सेंट आला. संघमित्राने चहा देता देता त्याला विचारले, "तुम्ही नोकरीत असतानाच पदवी घेतली होती ना? उपयोग झाला?"

व्हिन्सेंट फोर्टमध्ये मालवाहतुकीच्या एका ऑफिसात होता. तो हसला. "माझं ऐकू नका. मागून आलेले पुढे चालले होते, माझा जळफळाट होत होता. जिथं लगेच ॲडमिशन मिळाली तिथं घुसलो. राज्यशास्त्र. साहेबाला सर्टिफिकेट दाखवलं. साहेब बोलला, अभिनंदन, आणि मला परत त्याच टेबलावर पाठवलं. ती पदवी माझ्या कामाला ओळखतच नाय."

"मग काय बघून घ्यायची?"

"पहिलं विचारा, वरच्या खुर्चीला कुठली पदवी लागते. ऑफिसातच विचारा, बाहेर नको. मग स्वतःला विचारा, ते शिकताना कंटाळा येणार काय. सोपं कुठलं, ते सगळ्यात शेवटी."

"स्लाइडवर काही वेगळं दिसलं की मी अजून चहा विसरते," ती म्हणाली. "कंटाळा नाही येणार मला."

जगदीशने तोंडासमोरची सोंगटी चुकवली. "माझ्या घरी येऊन माझ्या बायकोला क्लास देतोस," तो म्हणाला. विनोद म्हणून म्हणाला, पण हसले कुणीच नाही.

संघमित्राने रुग्णालयात विचारले. कॉमर्सने काही होणार नव्हते. तिने शीवला प्रवेश घेतला आणि कायमची दुपारची पाळी मागून घेतली.

आणि मित्रांनो, माझ्यावर लॅपटॉप आला. तिने आधी चादर अंथरली होती, हे मी कबूल करतो. ती काळजीने वागणारी बाई आहे. पण चादरीखाली अंधार असतो. ज्या अंगावर जगदीशची बोटे फिरली, त्यावर आता जाडजूड पुस्तके बसली. लॅपटॉपला नुसते बोट लावले की त्याचा चेहरा उजळायचा. मला कुणी बोट लावत नव्हते. ती रविवारी तासन्‌तास त्याच्यासमोर बसायची, पुटपुटायची, मध्येच स्वतःशी हसायची. जगदीश हातात स्ट्रायकर फिरवत खोलीत येरझाऱ्या घालायचा. आम्ही दोघे एकाच आगीत भाजत होतो.

तो टीव्हीचा आवाज वाढवू लागला. तिच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी, रविवारी, त्याने मित्रांना खेळायला बोलावले.

"आज नको ना," ती म्हणाली.

"माझ्याच घरात मी खेळायचं नाही?"

तिने पुस्तके उचलली आणि जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली. येणाराजाणारा तिला ओलांडून जात होता. आत जगदीश सुरेख खेळला. मी त्याला हवी ती वाट दिली, एकही सोंगटी अडवली नाही. आम्हाला वाटले, आम्ही जिंकलो.

पहिल्या सहामाहीचा निकाल रात्री लागला. ती लॅपटॉपवर वाकली होती, जगदीश मागे उभा होता.

"बायोकेमिस्ट्री गेला," ती म्हणाली. "केटी लागली. पुन्हा द्यावा लागणार."

ती मागे वळली तेव्हा जगदीशच्या चेहऱ्यावर आनंद होता. निमिषभरच असेल. पण होता, आणि तिने तो पाहिला. मग तो घाईने म्हणाला, "होईल गं पुढच्या वेळी."

"तुझा चेहरा आधीच बोलला, जगदीश."

तिने लॅपटॉप हळूच मिटला. "नम्रताला खुर्ची मिळाली तेव्हा मीही जळले. पण ती पडावी असं मला वाटलं नाही. मला तिच्याइतकं व्हावंसं वाटलं. तुला काय व्हावंसं वाटतं ते सांग. मी ऐकते."

जगदीश बाहेर गॅलरीत जाऊन उभा राहिला. कठड्याला धरून खाली बघत राहिला. मग परत आत आला.

"ऑफिसात आता मला खेळाबद्दलसुद्धा कोणी विचारत नाही. नवीन पोरांना माहीतच नाही मी कोण होतो. तू मोठी झालीस की घरी तरी कोण विचारणार, असं वाटतं."

"मी विचारते ना. रोज विचारते, आज काय झालं. तू 'काही नाही' म्हणतोस आणि पावडर टाकतोस."

पुढच्या शनिवारी व्हिन्सेंट आला तेव्हा जगदीशने माझ्यावरची चादर काढली. मी आनंदलो. मला वाटले, डाव मांडणार. पण त्याने माझे एक टोक धरले आणि व्हिन्सेंटला म्हणाला, "तिकडून उचल. खाली मंडळात नेऊ."

व्हिन्सेंट थबकला. "अप्पांचा कॅरम आहे रे. नक्की?"

"आपल्याला खेळायला खाली जाता येतं. तिला अभ्यासाला कुठं जाता येतं?"

अप्पांच्या डोक्यावरून आलेला मी आडवातिडवा होत जिन्यावरून खाली उतरलो. माझ्या जागी लाकडाचा भुसा दाबून केलेले एक हलके टेबल गेले. ना शिसव, ना घडण. त्या टेबलाचा मला अजून राग येतो.

मंडळाच्या खोलीत ओल आहे. मुले माझ्या काठावर बसतात, कुणी माझ्यावर चहाचा पेला ठेवतो. जगदीश मात्र रोज संध्याकाळी फडके घेऊन येतो. पण खेळताना तो बोलतो कशाबद्दल? तर तिच्याबद्दल. "काल मी तिची उजळणी घेतली," तो व्हिन्सेंटला सांगतो. "पुस्तकातला एक शब्द मला उच्चारता येत नव्हता, तर ती हसून लोळली." मी ऐकतो आणि आतल्या आत जळतो. माझ्याबरोबर जळणारा एक सोबती होता, तोही गेला.

परवा रात्र झाली तरी डाव रंगात होता. जगदीश जिंकत आला होता. तेवढ्यात संघमित्रा दारात येऊन उभी राहिली. रुग्णालयातून थेट आली असावी, खांद्याला पिशवी तशीच होती. जगदीशने मान वर केली.

"सुटला," ती म्हणाली. "बायोकेमिस्ट्री."

यावेळी त्याच्या चेहऱ्यावर जे आले ते गेले नाही. त्याने स्ट्रायकर खाली ठेवला आणि उठला.

"अरे, राणी बाकी आहे," व्हिन्सेंट म्हणाला.

"राहू दे."

दोघे जिना चढून वर गेले. तिची पदवी अजून लांब आहे, नम्रतासारखी खुर्ची त्याहून लांब. तरी वरून हसण्याचा आवाज खालपर्यंत येत होता.

मित्रांनो, माझा मत्सर गेला असे मी सांगणार नाही. शिसवाच्या चौकटीत मुरलेले सहज जात नाही. तुमच्याकडे माझे एकच मागणे आहे. माझ्यावर ओले पेले ठेवू नका, खेळ झाला की मला पुसून झाकून ठेवा. आणि तुमच्या घरात आई, बाबा, काका, मावशी कुणीही मोठ्या वयात पुस्तक उघडून बसले, तर "आता कशाला?" म्हणून हसू नका. घरात उजेड कुठे येतो ते बघा आणि तिथले सामान हलवा. सामान कुरकुर करेल. करू द्या.