रेघोबांचं फंक्शन

"काका, तुमच्या फंक्शनची मी जरा साफसफाई केली," घाईबाई म्हणाली आणि रेघोबांच्या हातातला चहा हिंदकळला.

पाणीपुरवठा खात्यात जन्मभर आलेख काढले म्हणून ते रेघोबा. आजचं काम उद्यावर टाकणं जिला जमतच नाही, ती ही नवी मुलगी घाईबाई. दोघांचं मेतकूट होतं. आकडेवारीच्या संगणकभाषेत आलेख काढायची सोय आयतीच असते, पण आयत्या कपड्यांसारखी ती कुणालाच नीट बसत नाही. म्हणून रेघोबांनी स्वतःच्या मापाचं फंक्शन, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅमच, लिहिलं होतं. समास किती, अक्षर केवढं, रेघ किती जाड, सगळं आधीच ठरलेलं. नुसते आकडे द्यायचे की आलेख हजर. अख्खं ऑफिस तेच वापरायचं.

"काय काय काढलंस?"

"एका रेघेवर गोल, दुसरीवर त्रिकोण. एक सलग, एक तुटक. रेघेच्या टोकाला परत नावं. लाल-हिरवा रंग असताना इतकं सगळं कशाला? मी रंग तेवढे ठेवले. साहेबांच्या बैठकीचा आलेखही त्यानेच काढलाय."

रेघोबांनी कप ठेवला आणि ते सभागृहाकडे पळत सुटले. पळू नका, असं डॉक्टरांनी त्यांना बजावलं होतं. पण डॉक्टरांची घाईबाईशी गाठ पडलेली नव्हती.

साहेबांना लाल आणि हिरवा वेगळे दिसत नाहीत, हे ऑफिसात एकट्या रेघोबांना ठाऊक होतं. साहेबांनी कधी सांगितलं नव्हतं. फार वर्षांपूर्वी ते एका रेघेबद्दल बोलत होते आणि बोट होतं भलतीवरच. रेघोबांनी तेव्हा चकार शब्द काढला नाही. फंक्शनमध्ये मात्र गोल, त्रिकोण आणि नावं आपोआप येतील अशी तजवीज करून ठेवली. साहेबांवर त्यांचा जीव होता. आपला माणूस चारचौघांत खाली मान घालून उभा राहिलेला त्यांना बघवला नसता.

सभागृहात पडद्यावर गळतीच्या दोन रेघा होत्या, कोपऱ्यात लिहिल्याप्रमाणे लाल ती पूर्वेच्या जलवाहिनीची, हिरवी ती पश्चिमेची. समोर साहेब उभे होते.

"मग कुठली वाहिनी उकरायची?" समितीच्या अध्यक्षबाईंनी विचारलं.

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. चुकीची सांगितली तर धडधाकट वाहिनी खणली जाणार होती आणि त्यांच्या शब्दाला यापुढे कुणी विचारणार नव्हतं.

"माफ करा," रेघोबा दारातूनच म्हणाले. त्यांना धाप लागली होती. "रेघांची नावं घालायची माझ्याकडून राहिली. वर चढत गेलीय ती पूर्वेची, साहेब."

"इतकी वर्षं आलेख काढताय आणि नावं राहतात?" अध्यक्षबाई म्हणाल्या.

"वय झालं, मॅडम."

दोघेचौघे हसले. साहेब पूर्वेच्या वाहिनीवर बोलू लागले आणि नेहमीसारखे छान बोलले.

घाईबाई मागोमाग आली होती. बाहेर पडताच तिने त्यांना गाठलं. "चूक माझी होती, काका. तुम्ही का अंगावर घेतलीत?"

"तुला इथं अजून खूप दिवस काढायचेत. माझं काय, मी चाललोच."

"पण ते गोल-त्रिकोण कशासाठी असतात, ते तरी सांगा."

"मला आवडतात."

तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग सभागृहाच्या काचेतून आत पाहिलं. पोरगी हुशार होती. "परत घालते," एवढंच म्हणून ती जागेवर गेली. रेघोबांना तिचं फार कौतुक वाटलं.

बैठक संपल्यावर साहेब जिन्यापाशी त्यांच्याजवळ आले. "रेघोबा, तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"कशाबद्दल म्हणताय, साहेब?"

साहेबांनी जिन्याकडे हात केला. मग दोघं जिना चढू लागले. अर्ध्यावर रेघोबांची छाती भात्यासारखी चालायला लागली, पण थांबू या म्हणायचं त्यांच्या जिवावर आलं.

"थांबा हो जरा," साहेब कठडा धरून म्हणाले. "माझे गुडघे दुखतात हल्ली."