हंसाची मान

तोल्कुननं अंड्यांच्या ट्रेचा एक खळगा कात्रीनं वेगळा केला, त्याच्या कडा बोटांनी दाबून गोल केल्या आणि तो सेझिमच्या तळहातावर उपडा ठेवला.

"हे झालं कासवाचं घर. आता कासव कुठंय?"

"आत झोपलंय," सेझिम म्हणाली. "थंडी संपली की उठेल."

"मग पाय कशाला करायचे? राहू दे तसंच."

"नाही आत्या. उठल्यावर ते चालेल कशानं?"

पाच वर्षांच्या पोरीचं म्हणणं बिनतोड होतं. तोल्कुननं चहाच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा पुढे ओढला. जुन्या वर्तमानपत्रावर दोघींची दौलत पसरली होती. दुधाच्या रिकाम्या बाटल्या, त्यांची झाकणं, चॉकलेटच्या चांद्या, जर्दाळूच्या बिया, फाटक्या गादीतून उपसलेली लोकर. वाटीत मैद्याची खळ होती आणि तिच्यावर आता साय धरायला लागली होती.

दार उघडून मिरगुल आत आली. आज लवकर आली होती. बाजारात तिचा मोज्यांचा गाळा होता. एरवी ती दुपारी मुलीला बालवाडीतून आणून गल्लीच्या तोंडाशी सोडायची आणि पुन्हा गाळ्यावर जायची, ती अंधार पडेपर्यंत. तिनं बूट काढले, पसाऱ्यावरून पाय उचलून पलीकडे गेली आणि भट्टीपुढे हात धरून उभी राहिली.

"लोक कचरा घराबाहेर टाकतात," ती म्हणाली. "आमच्याकडे सगळं उलटं."

बोलण्यात राग नव्हता, पण हसूही नव्हतं. तोल्कुन कागदाचे कपटे गोळा करू लागली.

"असू द्या ताई, आवरू नका. मला जरा बोलायचंय."

नवऱ्याचं घर सोडून तोल्कुन काराकोलला भावाकडे आली, त्याला दोन हिवाळे झाले होते. सोडून म्हणजे नवऱ्यानंच गाडीतून आणून पोचवलं होतं, भांडणतंटा न करता, वाटेत एका खानावळीत जेवू घालून. मूल नव्हतं. दुसरी होती, आणि तिला दिवस गेले होते. शिवणयंत्र मागाहून बसनं आलं. मेदेरनं बहिणीला मागची खोली दिली आणि एका शब्दानं काही विचारलं नाही. ती स्वयंपाक करायची, गाय बघायची, अंगणातला बर्फ लोटायची आणि दुपारपासून भाचीला घेऊन बसायची. बालवाडीत मात्र ती एकदाही गेली नव्हती. तिथं बायका हटकून विचारतात, तुमचं मूल कोणतं?

"बाईंनी आज थांबवलं मला," मिरगुल म्हणाली. "तुम्ही केलेला तो मेंढ्यांचा कळप त्यांनी खिडकीत मांडलाय. सगळ्यांसमोर म्हणाल्या, सेझिमच्या आईच्या हातात कला आहे."

सेझिमनं मान वर करून आईकडे पाहिलं, मग आत्याकडे.

"मग?" तोल्कुननं विचारलं.

"मग काय, हो म्हटलं." मिरगुल भट्टीकडेच बघत होती. "आजूबाजूला बायका उभ्या होत्या. त्यांच्यापुढे काय सांगू? माझं पोर दुसरंच कुणीतरी सांभाळतं म्हणून?"

"बरोबर आहे."

"शुक्रवारी आयांना बोलावलंय. मुलांना घेऊन बसायचं आणि घरातल्या टाकाऊ वस्तूंचं काहीतरी तिथंच करायचं. मी बाकीच्यांना दाखवायचं म्हणे."

क्षणभर तोल्कुनला वाटलं, आता ही म्हणणार, तुम्हीच जा. ट्रंकेत हिरवा स्वेटर होता. कोपरावर विरला होता, पण वरून कोट घातला असता तर दिसलं नसतं.

"मला शिकवा," मिरगुल म्हणाली.

तोल्कुननं बोटांना चिकटलेली खळ कागदाला पुसली. "काय करायचंय?"

"हंस," सेझिम मध्येच म्हणाली. "बाबांच्या व्हॅनमधून दिसतात ना तळ्यावर, तसले. खूप."

"एक पुरे झाला," मिरगुल म्हणाली.

त्या आठवड्यात ती गाळा लवकर बंद करून यायची. जेवणाआधी तिघी वर्तमानपत्राभोवती बसायच्या. दुधाची पांढरी बाटली आडवी धरायची, तिच्या पाठीतून पंखांचे दोन काप उचलायचे, पिसांसारखे कातरायचे. तोल्कुन एकदा करून दाखवायची आणि बाटली मिरगुलकडे सरकवायची. मिरगुलची बोटं थंडीनं भेगाळली होती. हिवाळाभर उघड्यावर उभं राहून ती नीट मिटत नव्हती. कात्री निसटायची, पंख मुळापासून तुटून हातात यायचा.

"असं नाही आई," सेझिम म्हणाली. "आत्या आधी खूण करते. मग कापते. तुला काहीच येत नाही."

मिरगुलनं कात्री खाली ठेवली. "मला मोजे विकता येतात," ती म्हणाली. "त्या मोज्यांवरच तुझी बालवाडी चाललीये." आणि कोळशाची बादली उचलून बाहेर गेली. बादली अर्धी भरलेली होती.

सेझिमचा खालचा ओठ पुढे आला. तोल्कुननं तिला जवळ ओढलं नाही. फक्त म्हणाली, "खूण न करताही कापतात काही जण. आई कशी करते, ते बघ तू."

दुसऱ्या दिवशी मिरगुलनं गाळ्यावरून लहान मुलींचे पांढरे लांब मोजे आणले. धागा सुटलेले होते, विकले जाणारे नव्हते. हंसाच्या मानेचंच अडलं होतं. तारेला लोकर गुंडाळून तोल्कुन वर कापड शिवायची आणि दर वेळी वळणाशी सुरकुती पडायची.

"द्या इकडे," मिरगुल म्हणाली.

तिनं मोजा अंगठ्यांवर गोळा केला, तारेच्या टोकाशी लावला आणि दोन्ही हातांनी फिरवत एका ओढीत खाली आणला. मान वळणावर गुळगुळीत उतरली. दिवसभर गाळ्यावरच्या प्लास्टिकच्या पायांवर ती हेच तर करत असे.

सेझिम बघतच राहिली. मग तिनं दुसरी तार आईच्या हातात दिली, आणि तिसरी. "हिची मान खाली कर. ही रुसलीये."

"का रुसलीये?"

"तिला कुणी पाव टाकला नाही."

"मग हिला माझ्या गाळ्यावर पाठव. मोजे घे म्हणावं, राग जाईल."

"हंस मोजे नाही घालत."

"म्हणूनच पाय काळे पडतात त्यांचे थंडीनं."

सेझिम खळखळून हसली. आईला असा विनोद करताना तिनं पाहिलंच नव्हतं. तोल्कुननं हातातला दोरा तोडला. "माझे डोळे चुरचुरतायत," ती म्हणाली. "तुम्ही दोघी करा, मी पीठ मळते." स्वयंपाकघरात जाऊन तिनं परातीत मैदा घेतला. भिंतीपलीकडून दोघींचे आवाज येत होते. पीठ मळून झालं, तरी ती मळत राहिली.

शुक्रवारी सकाळी मायलेकी पिशवी घेऊन निघाल्या. मिरगुलनं ओठांना लाली लावली होती. त्या गेल्यावर तोल्कुन दारातलं पाणी पुसायला वाकली, तर सेझिमचे बालवाडीत घालायचे कापडी बूट तिथंच राहिलेले. बालवाडीत बाहेरचे बूट दारात काढावे लागत, आणि फरशी गार असायची.

तिनं बूट घेतले, कोट घातला. आत हिरवा स्वेटर घालायचा राहिला, हे तिला कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं. ती परत फिरली नाही.

बालवाडीच्या ओवरीत एक प्रौढ मदतनीस बाई ओल्या फडक्यानं फरशी पुसत होती. आतल्या खोलीच्या दाराला अर्ध्यातून काच होती. बुटक्या टेबलांभोवती बुटक्या खुर्च्यांवर आया बसल्या होत्या, गुडघे छातीशी घेऊन. मिरगुल मधोमध होती. तिनं मोजा अंगठ्यांवर गोळा केलेला होता आणि बायका माना पुढे काढून बघत होत्या. सेझिम आईच्या पाठीवर रेलून उभी होती, हनुवटी तिच्या खांद्यावर टेकून.

"कोण पाहिजे?" मदतनीस बाईनं विचारलं.

"सेझिमचे बूट राहिले घरी."

"तुम्ही कोण तिच्या?"

तोल्कुननं आत पाहिलं. "शेजारीण," ती म्हणाली.

"मग थांबा, बोलावते आईला."

"नको, त्या कामात आहेत. तुम्हीच द्या."

बाईनं बूट घेतले आणि फडकं खांद्यावर टाकून तीही काचेतून बघू लागली. "शिकली हो. मला नव्हतं वाटलं."

"काय?"

"हेच. आधीचं सगळं आत्या करायची ना. आमच्या बाईंना ठाऊक आहे, पोर सगळं सांगते. पण आईचं मन कशाला मोडायचं, म्हणून बाई तिचंच कौतुक करतात." ती आवाज उतरवून म्हणाली, "आत्या आता जाणार म्हणे. बाल्यकचीला. तिथला कुणी बायको गेलेला माणूस आहे, दोन मुलं आहेत. घरात ठरलंय. आत्या गेल्यावर मी आणि आई करणार, असं पोरगी आठवडाभर सांगत फिरतेय."

तोल्कुननं काचेवरची नजर काढली नाही. आत कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

"चांगलं झालं," ती म्हणाली.

"चांगलंच की. भावाच्या घरी किती दिवस काढणार माणूस? तुम्ही शेजारीच राहता, तुम्हाला माहीत असेल..." बाईचं लक्ष तोल्कुनच्या हातांकडे गेलं. नखांच्या कडेनं खळ वाळून पांढरी झाली होती. मग बाईनं कापडी बूट एकमेकांवर आपटून नसलेली धूळ झाडली. "बसा ना घटकाभर," ती म्हणाली. "चहा आहे."

"गाय बांधायचीये," तोल्कुन म्हणाली.

घरी येऊन तिनं कोट खुंटीला टांगला. मागच्या खोलीत गेली, पलंगावर बसली, उठली, ट्रंकेचं झाकण उघडून पुन्हा लावलं. मेदेर रोज काराकोल-बाल्यकची व्हॅन चालवायचा, सरोवराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला. बाल्यकचीचं वारं फार वाईट, माणसाला उभं राहू देत नाही, असं तो परवाच जेवताना म्हणाला होता. मग उगाच म्हणाला होता, पण घरं उबदार असतात तिथली. तिनं तेव्हा त्याच्या वाडग्यात आणखी रस्सा वाढला होता.

संध्याकाळ व्हायच्या आत मायलेकी परतल्या. सेझिम हंस कपाटावर मांडायला पळाली. मिरगुल स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. तोल्कुन लाटलेल्या पिठाचे चौकोन कापून कढईत सोडत होती.

"सगळ्यांना माना हव्या होत्या," मिरगुल म्हणाली. "मोजे पुरले नाहीत."

"ऐकलं मी. टाळ्या झाल्या."

मिरगुलनं कोटाची बटणं सोडली. "बूट मिळाले. शेजारीण देऊन गेली, असं ती बाई म्हणाली."

तोल्कुननं झारा फिरवला. तळलेले चौकोन फुगून उलटले.

"शेजारीण का म्हणालात, ताई?"

"तू बाईंना हो म्हणाली होतीस ना. ते खरं राहावं म्हणून."

मिरगुल आत आली आणि स्टुलावर बसली. ओठांची लाली कधीच पुसली गेली होती.

"बाल्यकचीला काय कळवलंय?" तोल्कुननं विचारलं.

"हो म्हटलेलं नाही. पण नाहीही म्हटलेलं नाही." मिरगुल हातांच्या भेगांवरून अंगठा फिरवत होती. "त्या माणसाचं व्हॅनच्या थांब्यापाशी गॅरेज आहे. ह्यांच्या चांगला ओळखीचा आहे. दारू पीत नाही. मी ह्यांना म्हणायची, ताईंना सांगा. ते म्हणायचे, तू सांग. रोज ठरायचं, रोज राहायचं. तेवढ्यात सेझिमनं ऐकलं." तिनं मान वर केली. "मला तुम्हाला घालवायचं नाहीये. पण मला माझी मुलगी पाहिजे होती."

"ठाऊक आहे."

"रागवा तरी."

तोल्कुननं झाऱ्यानं तळलेलं सगळं ताटात काढलं आणि गॅस बारीक केला. पलीकडच्या खोलीत सेझिम हंसांना रांगेत उभं करून रागवत होती, ढकलाढकली करू नका, सगळ्यांना जागा आहे.

"त्याची मुलं केवढी आहेत?"

"थोरला सातचा. धाकटी चारची."

"रविवारी येऊ दे त्यांना," तोल्कुन म्हणाली. "पण मुलांना घेऊन."

"मुलांना? बघायला येताना कुणी मुलं आणतं का, ताई?"

"त्यांनी मला बघावं. मला मुलांना बघायचंय."